पाठवा

लायब्ररी म्हटलं की लोकांना पुस्तकं आठवतात. थोरलीच्या लायब्ररीत पुस्तक औषधालाही नव्हतं. होती वेबसाइटवरची बटणं, रकाने, तारखेच्या चौकटी. अशी अडतीस पॅकेजं, म्हणजे कोडचे तयार तुकडे, एकाच छताखाली ती एकटी सांभाळायची, आणि कुठकुठल्या वेबसाइट ती उचलून वापरायच्या. कौतुक कुणी करत नसे; बिघडलं की मात्र सगळ्यांना तिचा नंबर सापडे.

चार वाजून दहा मिनिटांनी धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, फॉर्म भरून झालाय, पण 'पाठवा' दाबलंच जात नाहीये. पाचला बंद होतंय गं!"

मागून भाचीचा रडवेला आवाज आला, "मावशीला सांग ना, ती बटणांचंच काम करते!"

नर्सिंगचा प्रवेश होता. पोरीने दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं.

थोरलीने कॉलेजच्या फॉर्मचं पान उघडलं; बटण तिच्याच लायब्ररीतलं होतं. बटणाची नवी आवृत्ती तिने कालच बाहेर सोडली होती. तिच्या कॉम्प्युटरवर ते झकास चालत होतं. चालणारच! एकत्र कुटुंबात मीठ कुणाच्या डब्यातलं, कोण विचारतं? बटण शेजारच्या चिन्हांच्या पॅकेजातून एक चिन्ह खुशाल उसनं घेत होतं, आणि हे बटणाला लागणाऱ्या सामानाच्या यादीत लिहायला ती विसरली होती. घराबाहेर पडल्यावर बटणाचे हात रिकामे.

एकच ओळ लिहायची होती. घाईत ती तीनदा चुकली. साडेचारला दुरुस्त आवृत्ती बाहेर पडली, तरी कॉलेजच्या वेबसाइटवर जुनंच बटण. तिने तिथल्या प्रोग्रॅमरला फोनवर गाठलं.

"मॅडम, नवीन आवृत्ती आमच्याकडे रात्री आपोआप चढते. तुम्हीच बसवून दिलंय तसं."

"अहो, आत्ता हाताने चढवा. पाया पडते तुमच्या!"

"मी प्रवासात आहे हो, लॅपटॉप घरी. पोचेपर्यंत सहा वाजतील."

"दुसरं कुणी?"

"तुमच्यासारखाच मीही एकटा."

तिने कॉलेजचा नंबर अकरा वेळा लावला. कुणी उचलला नाही.

पाच वाजले. धाकटीच्या स्क्रीनवर मुदत संपल्याची पाटी आली. "राहू दे ताई," ती रडू आवरत म्हणाली. "तुझ्या हातात थोडंच होतं?"

हो म्हणून सुटता आलं असतं. थोरलीला ते जमलं नाही. "माझ्याच हातात होतं गं. ते बटण मी केलंय."

भाचीने आईच्या हातातून फोन घेतला. तिने हळूच विचारलं, "मावशी, तू आधी दाबून नव्हतं बघितलंस?"

"शंभरदा बघितलं होतं गं," थोरली म्हणाली. "पण माझ्याच कॉम्प्युटरवर."