समोरच्या खुर्चीतला माणूस

त्या दिवशी बाबा दुपारपासून जेवणाच्या टेबलाशी, खिडकीकडच्या खुर्चीत बसून होते. पुढ्यात लॅपटॉप, शेजारी छापलेल्या कागदांची चळत, आणि ओळ चुकू नये म्हणून कागदावर धरलेली स्टीलची पट्टी. आई शाळेच्या ऑफिसातून आली आणि हातातली पिशवी ठेवायला जागा शोधू लागली.

"टेबल मिळेल का जेवायला, की अर्ज करू?"

"अर्ज कर. कमिटी विचार करेल," बाबा मान वर न करता म्हणाले.

"कमिटीत कोण कोण?"

"मीच."

"मग लागलाच निकाल." आईने पिशवी फ्रिजवर ठेवली.

मी सुट्टीला म्हणून आले होते. सोफ्यावर पाय घेऊन प्रुफं तपासत होते. एका प्रकाशनात माझं तेच काम.

बाबांनी उमेदीची वर्षं रक्ततपासणीची यंत्रं दुरुस्त करण्यात घालवली. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली वेगळी, लॅबच्या संगणकाला ती कळत नसे. मग माणसं आकडे हाताने उतरवून घेत आणि चुकत. बाबांनी त्यावर एक प्रोग्राम लिहिला. यंत्राने पाठवलेलं वाचायचं आणि कुठल्याही संगणकाला समजेल असं करून द्यायचं. तो त्यांनी सगळ्यांना खुला ठेवला; कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा. लोकांनी घेतला, वापरला. सांभाळायला मात्र कुणी फिरकलं नाही. बाजारात नवीन यंत्र आलं की तक्रार बाबांकडे. नोकरी सुटल्यावर सकाळ-संध्याकाळ त्यांचं हेच चालायचं.

प्रोग्रामच्या पानावर मदतीचं एक बटण होतं. त्यातून जे यायचं त्यात महिन्याचा चहा निघायचा, साखर आपली. मोठ्या कंपन्या हाच प्रोग्राम आपल्या महागड्या पॅकेजात घालून हॉस्पिटलांना विकत. बाबांनी त्यांना पत्रं लिहिली होती, देखभालीसाठी काहीतरी बांधून द्या म्हणून. एकीने तयारी दाखवली आणि आधी भलीमोठी प्रश्नावली पाठवली. आपल्या सुरक्षा विभागात किती कर्मचारी आहेत? बाबांनी लिहिलं, एक, दुपारी झोपतो. त्या कंपनीने पुन्हा तोंड दाखवलं नाही.

त्यांचा एक नियम होता. एकाने लिहिलेला बदल दुसऱ्याने तपासल्याशिवाय लोकांच्या हाती द्यायचा नाही. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, हे मला माझ्या धंद्यामुळे वेगळं सांगावं लागलं नाही. पूर्वी हे तपासायला दूरच्या शहरातला एक तरुण होता. दोघं कधी भेटले नाहीत, पण बाबा त्याला जोडीदार म्हणत. त्याचं लग्न झालं, नोकरी बदलली, मूल झालं. तो हळूहळू येईनासा झाला. मग बाबांनी तोडगा काढला. बदल लिहायचा खिडकीकडच्या खुर्चीत. एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. सकाळी जुना चष्मा लावून समोरच्या खुर्चीत बसायचं आणि हे दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय असं समजून वाचायचं. त्या खुर्चीतले बाबा फार खवट असत. "कुणी लिहिलंय हे? झोपेत होता का?" असं मोठ्याने म्हणत. आई स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची, "हो, झोपेतच होते. घोरतही होते."

त्या दिवशीचा बदल महत्त्वाचा होता. एका नव्या यंत्राची वीज मध्येच गेली की ते नमुन्यांचे क्रमांक पुन्हा एकपासून मोजायला लागायचं आणि एका रुग्णाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर पडायचा. एका लहानशा लॅबवाल्याच्या ते ध्यानात आलं होतं. संध्याकाळी बाबांनी पट्टी खाली ठेवली, बोटं मोडली.

"माझं झालं. उद्या तो बघेल." त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे हनुवटीने खूण केली.

"त्याला म्हणावं वेळेवर ऊठ," आई म्हणाली.

सकाळी बाबा उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नसेल.

भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरल्यावर मी लॅपटॉप उघडला. पासवर्ड आईला ठाऊक होता. निरोपांचा ढीग साचला होता. बहुतेकांत पहिली ओळ दुःखाची आणि दुसरी, बदल कधी देणार? लॅबवाल्याने तेवढं लिहिलं होतं की तो आता प्रत्येक रिपोर्टवरचं नाव हाताने ताडून पाहतो, घाई नाही, घरच्यांना सांभाळा.

मी जोडीदाराला फोन लावला.

"ताई, नव्या नोकरीत बाहेरचं काम करायला बंदी आहे. तरी चोरून केलं असतं. पण ते यंत्र मी डोळ्यांनीही पाहिलेलं नाही. बरोबर आहे म्हणून मोकळा झालो, आणि नसलं तर? कुणाचं तरी रक्त आहे हो ते."

तपासायला कुणी आहे का, म्हणून मी प्रोग्रामच्या पानावर विचारलं. खाली कित्येकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली.

मग बाबांनी पत्रं लिहिलेल्यांपैकीच एका मोठ्या कंपनीतल्या इंजिनिअरचा व्हिडिओ कॉल आला. कानांवर हे मोठे हेडफोन. आई माझ्या शेजारी बसली होती. "टोपडं घातल्यासारखा दिसतो," ती पुटपुटली. बाबा गेल्यापासून तिने केलेला तो पहिला विनोद.

"मॅडम, काकांचं ऐकून आमची अख्खी टीम सुन्न झाली. पण तो बदल तयार आहे ना? सगळ्यांना द्यायला फक्त बटण दाबायचं असतं."

"तो कुणी तपासलेला नाही."

"काकांनी लिहिलाय म्हणजे बरोबरच असणार."

"बाबांना तसं वाटत नसे. तुम्ही तपासा ना."

"बाहेरच्या प्रोजेक्टला हात लावायचा तर आमच्या कायदा विभागाची परवानगी लागते. ती येईपर्यंत मी रिटायर होईन." तो हसला, मग ओशाळला.

"मग पैसे देऊन कुणाला तरी नेमा."

"कुणाला देणार? तिथे आता आहे कोण?"

मी बटण दाबलं नाही. त्या रिपोर्टांवर माणसांची नावं असतात, आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. दाबलं नाही म्हणूनही कुणाचा तरी रिपोर्ट दुसऱ्याच्या हाती जात असणार, हे कळत होतं.

पुढच्या आठवड्यात त्याचा पुन्हा कॉल आला. या वेळी चेहरा मोकळा होता. त्यांनी बाबांचा बदल उचलून, स्वतःच्या प्रयोगशाळेत तपासून, आपल्या पॅकेजात घातला होता. एक बारीकशी चूक निघाली, तीही काढली.

"मग तो दुरुस्त केलेला इकडे द्या," मी म्हणाले. "लहान लॅबवाले थांबलेत."

"तो आता आमच्या पॅकेजचा भाग झाला, मॅडम. माझ्या हातात नाही. काकांनीच तशी मुभा ठेवली होती, कुणीही घ्यावं म्हणून."

ते खरंच होतं. मी त्याला सांगितलं की आज प्रोग्रामच्या पानावर सूचना लावून ते बंद करणार आहे. सांभाळणारं कुणी नाही, नव्या यंत्रांसाठी वापरू नका.

"वाईट वाटतं हो. पण काका ग्रेट. कधी पैशाकडे बघितलं नाही, हौसेने करत राहिले. वार्षिक कार्यक्रमात आम्ही त्यांचा फोटो लावणार आहोत. एखादा चांगलासा पाठवाल?"

आई लगेच उठली आणि कपाट उघडून अल्बम काढायला लागली. निवृत्तीचं वय झाल्यावरही ती शाळेत मुदतवाढ मागत राहिली. कुणी विचारलं की म्हणायची, घरी करमत नाही. आम्ही तिघंही तेच म्हणायचो. खरं काय ते तिघांनाही माहीत होतं. बाबांना लागू नये, म्हणून ते कधी कुणी बोलून दाखवलं नाही.

"फोटो राहू दे, आई," मी म्हणाले. मग स्क्रीनकडे वळले. आवाज चढला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.

"ती हौस नव्हती. बाबांनी तुमच्याकडे पैसे मागितले होते, तुम्ही दिले नाहीत. ते काम करत होते, आणि त्यांचा पगार माझ्या आईने दिला."