चौकातली माफी

लताबाई कळण्याच्या भाकरी थापत होत्या आणि शेजारी ठेचा कुटता कुटता त्यांची मुलगी मोनाली मैत्रिणीचं, शगुफ्ताचं गाणं गुणगुणत होती. शिरपूरच्या कॉलेजात मोनाली आणि शगुफ्ता एका बाकावर बसायच्या. स्नेहसंमेलनात शगुफ्ता गाणार होती. पण मुलीनं स्टेजवर गाणं धर्मात बसत नाही, असं तिच्या मोहल्ल्यातल्या काहींनी बजावलं आणि गाणं रद्द झालं. मोनालीला भयंकर चीड आली. मैत्रिणीचं नाव न घेता तिनं कॉलेजच्या भित्तिपत्रकात लिहिलं, 'गळा अल्लानंच दिला, मग गाण्याचा राग त्याला येतो की माणसांना?'

कुणीतरी त्याचा फोटो काढला. गावातल्या स्वप्नीलनं खाली मुसलमानांना चार घाणेरड्या शिव्या जोडून तो फिरवला. दुपारपर्यंत चौक माणसांनी भरला.

अशा वेळी काय करायचं, हे या गावात ठरलेलं आहे. दोन्ही समाजांच्या वडीलधाऱ्यांची समिती बसते, माफीची चिठ्ठी लिहिते आणि ज्याच्यावर ठपका, तो हात जोडून ती मोबाईलसमोर वाचतो. दोन वर्षांत सात जणांनी वाचली, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही. खरं-खोटं करण्याची भानगडच नको! गावाला या उपायाचा कोण अभिमान.

"एक मिनिटनं काम शे, बेटा. वाची टाक," तोताराम लेकीला म्हणाला. "बठ्ठा गाव वाट देखी ऱ्हायना."

"शिव्या मी नही लिख्यात, आबा. मना सवाल मी मांगे लेवाव नही."

स्वप्नीलचं नाव कुणी काढलं नाही. त्याचे काका प्रेमराजनाना समितीत होते.

मोनाली हटली नसती. पण शगुफ्ताचे वडील हारूनभाई आले. तोतारामच्या कपाशीत उभा जन्म घालवलेला माणूस, उंबऱ्यावरच बसला.

"पोरी, लोके म्हनी ऱ्हायनात, शगुफ्तानीच तुले लिखाले लावं. तू माफी मांग, म्हंजे तिनं कॉलेज सुरू ऱ्हाई."

मैत्रिणीसाठी मोनालीनं चौकात हात जोडले. चिठ्ठी प्रेमराजनानांनी लिहिली होती. 'माझी मैत्रीण शगुफ्ता हारून हिच्या गाण्यावरून मी धर्माचा अपमान केला,' हे पहिलंच वाक्य. नाव पाहून ती अडखळली. "पुढं वाच, पुढं," मागून कुणीतरी ओरडलं. तिनं वाचलं. गर्दीतल्या हारूनभाईंनी डोक्याला हात लावला.

मोहल्ल्यातल्या चार घरांतली गोष्ट संध्याकाळपर्यंत धुळे-जळगावभर झाली. आठवड्याच्या आत शगुफ्ताचं नाव कॉलेजातून काढलं. तिला भुसावळला आत्याकडे धाडलं. ईदनंतर लग्न आहे म्हणतात. हारूनभाई आता तोतारामच्या शेतावर येत नाहीत.

समितीचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. भित्तिपत्रकाच्या फळ्यावर आता फक्त सुविचार लागतात. मोनालीच्या तोंडून चुकून सूर निघाला, तर लताबाई दाराकडे बघत म्हणतात, "चूप बस, माय. कोनी आयकी."

वाचकहो, तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. तुम्ही तो शेवटपर्यंत पाहिला असेल. त्या पोरीनं मुळात विचारलं काय होतं, हे तुम्हीही कुणाला विचारलं नाहीत.