जनूच्या कपाटातली विलायती बाटली

मी जनूच्या कपाटातली बाटली. माहेर विचाराल तर लांब स्कॉटलंडचं. तिथं एका बेटावर फार जुनी दगडी भट्टी आहे. दलदलीतली माती जाळून तिच्या धुरावर जव सुकवतात, आणि व्हिस्की लाकडी पिंपात वर्षानुवर्षं पडून राहते. त्याच भट्टीत आता म्हणे जिन नावाची दुसरी दारूही बनते. ती झटपट तयार होते, म्हणून तिच्या बाटल्यांचा तोरा भारी!

त्र्याण्णव साली बोटीवर कामाला असलेल्या हरेशनं मला तिथून उचललं आणि पेणच्या खाडीकाठी बापाच्या हातात दिलं. जनू मिठागरात राबणारा. मला उन्हाकडे धरून म्हणाला, "ही तुझ्या हळदीला फोडायची. पयला घोट माझा."

मग मी टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात. कोण आलं, कोण काय बोललं, सगळं ऐकायची. दुसरं काम तरी काय होतं? शेजारची रंभा सारखी डोकवायची.

"जनूदा, वास तरी घेऊ दे की!"

"पोराचं लगीन ठरू दे, मग आण तुझं नाक."

रोह्याची एक मुलगी बघायला जायचंही ठरलं होतं. तेवढ्यात जनू पिवळा पडला, पोट फुगलं. डॉक्टर म्हणाले, लिव्हर गेलं. दारूचा थेंबही नको.

हरेशची बोट अजून लांबच्या बंदरात होती. पुतळीनं, म्हणजे जनूच्या बायकोनं, पेणच्या फोनच्या बूथवरून त्याच्याशी बोलून घेतलं. घरी येऊन रंभाला म्हणाली, "पोरगा बोलतो, हळदीची वाट नको बघूस, बाबांना एक घोट दे."

तिनं मला बाहेर काढलं. झाकणाला हात लावला, मागे घेतला. या घोटानंच जीव गेला तर? पोरगा येईपर्यंत तरी माणूस टिकायला हवा. मला परत ठेवून ती चुलीकडे गेली. कोरा चहा केला, गार केला, लहान ग्लासात आणला.

"घ्या. पोराची बाटली."

जनूनं घोट जिभेवर घोळवला. डोळे मिटले.

"लय भारी हाय गो. तू पन घे."

तिनंही घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जनू गेला. हरेश पोचला तोवर चिताही निवली होती.

तो यायच्या आधी, घरात कोणी नसताना, पुतळीनं माझं सील तोडलं आणि बोटभर व्हिस्की मोरीत ओतली. वर तांब्यावर तांबे पाणी ओतत राहिली, तरी धुराचा वास जाईना. एवढा समुद्र ओलांडून आले, आणि माझा पहिला घोट असा गेला.

हरेश उंबऱ्यातच थांबला. "आये, चाखली बाबांनी?"

"व्हय. लय भारी हाय बोलले."

मग कुठं तो रडला.

पुढं त्याचं लग्न झालं. हळदीला दुसऱ्या बाटल्या आल्या. मला त्यानं कुणाला शिवू दिलं नाही. अजूनही सुट्टीला आला की माझी धूळ पुसतो आणि उतरलेल्या त्या बोटभर जागेवर अंगठा ठेवून जरा उभा राहतो. पुतळी तेव्हा उगाच चुलीतली लाकडं सारखी करते.

तुम्ही कधी या घरी आलात, तर चहा घ्या, गप्पा मारा. हरेशला मात्र यातलं काही सांगू नका.