कन्फ्यूशियसच्या देवळातला पाहुणा

धूपपात्रातली राख आजही कोमट लागली. उल्काताईंनी बोट मागे घेतलं. देऊळ आठवडाभर बंद होतं आणि किल्ली त्यांच्याच पर्समध्ये होती.

लॅबमधली नोकरी संपली, पती मनोहर गेले, मुलगा दूर मिशिगनमध्ये नोव्हायला स्थायिक झाला. मग कॅलिफोर्नियात, सांता क्लारातल्या या छोट्या देवळात उल्काताई दर मंगळवारी धूळ पुसायला येऊ लागल्या. शेजारचे म्हातारे मिस्टर लिऊ इथली पूजा करत, त्यांच्यामुळे ही ओळख. आत मूर्ती नव्हती. मधल्या वेदीवर कन्फ्यूशियसच्या नावाची लाल लाकडी पाटी, दोन्ही बाजूंना शिष्यांच्या पाट्या, पुढे नैवेद्याचं टेबल. "पाटी म्हणजे नुसतं आसन," लिऊ सांगत, "बोलावलं की गुरू येऊन बसतात."

उल्काताईंनी मैत्रिणीला, कांचनला, फोन लावून राखेचं सांगितलं.

"हीटर चालू राहिला असेल यार."

"बंद आहे गं. आणि वेदीपुढची गादी दबलीय. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी."

"तू आधी बाहेर ये बघू."

त्या गेल्या नाहीत. त्यांना गेल्या महिन्यातली गुरूंच्या जन्मदिवसाची पूजा आठवली. मधलं मोठं दार उघडून लिऊंनी गुरूंना आत बोलावलं आणि नैवेद्य दाखवतानाच ते कोसळले. अँब्युलन्स आली, लोक पांगले, कोणीतरी दार लावून घेतलं. लिऊ हॉस्पिटलमधून परत आलेच नाहीत.

"कांचन, आवाहन झालं. विसर्जन राहिलंय."

"मग आता कोण करणार?"

"मीच. दुसरं आहे कोण?"

चिनी मंत्र त्यांना येत नव्हते. त्यांनी मधल्या दाराचा अडसर काढला. दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं. गणपती हलवताना म्हणत तसं "पुनरागमनाय च" म्हणून त्यांनी हात जोडले. मग राहवेना, म्हणून मराठीतच म्हणाल्या, "फार ताटकळलात. या आता."

पाट्यांमागे वस्त्र सळसळलं. आतून बाहेर एक झुळूक निघाली, संथ, धुपाच्या वासाची. उल्काताईंच्या खांद्याशी ती थबकली आणि पुढे गेली. तिच्यामागून चपला फरफटल्याचा आवाज आला. लिऊ तसेच चालायचे.

"सावकाश जा," त्या हळूच म्हणाल्या.

पुढेही बराच वेळ त्या दार धरून उभ्या होत्या. आणखी कोणी येईल, मनोहरांचं ओळखीचं खाकरणं ऐकू येईल, असं वाटत राहिलं. समोर शाळेची पिवळी बस थांबली, पोरं उतरली, बस गेली. मग त्यांनी दार ओढून घेतलं.