तिघांच्या हातातली गळाची काठी

मित्रांनो, माझी उंची साडेआठ फूट आहे. तरीही मी अकरा वर्षं एका गॅरेजमध्ये, बर्फ उपसायच्या फावड्यामागे, कुणाच्या नजरेला न पडता काढली. मी गळाची काठी आहे. इथे अमेरिकेत मला फ्लाय रॉड म्हणतात, कारण माझ्या दोरीला खरं आमिष लावत नाहीत, पिसं बांधून केलेली खोटी माशी लावतात.

मला वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्याने घडवलं. मिशिगनच्या उत्तरेला एका कॉलेजच्या गावात त्याचं घर होतं. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याने तळघरात बसून बांबू चिरला, सहा पट्ट्या तासल्या आणि एकमेकींना चिकटवल्या. एक अख्खा हिवाळा त्यात गेला. वरच्या खोल्यांत त्याचे तीन भाडेकरू राहायचे, तिघेही महाराष्ट्रातून शिकायला आलेले: नागपूरची उपासना, सांगलीचा दिगंबर आणि पुण्याचा श्रीरंग.

वॉल्टरने तिघांनाही तळ्यावर नेलं. दोरी मागे झुलवायची, क्षणभर थांबायचं, मग पुढे सोडायची. दिगंबरला ते थांबणं काही जमेना. त्याची माशी पाण्यापेक्षा झाडांवरच जास्त बसायची. श्रीरंगचा हात मात्र लगेच वळला. उपासनाला डिग्री मिळाली तेव्हा वॉल्टरने मला तिच्या स्वाधीन केलं आणि बजावलं, की ही तिघांची आहे.

ते माझे सुखाचे दिवस होते. दरवर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला, तळ्यावरचं बर्फ वितळलं की तिघं मला घेऊन निघायचे. लेक ट्राउट हा मोठा मासा एरवी खोल पाण्यात राहतो, पण त्या गारठ्यात काठाजवळच्या खडकांवर येतो. तो ओढायला लागला की मी कमानीसारखी वाकायचे आणि तिघंही एकदम बोलायला लागायचे.

पुढे नोकऱ्यांनी त्यांना पांगवलं. उपासना ट्रॉयला, दिगंबर चँडलरला चिपच्या कारखान्यात, श्रीरंग अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये. एक वर्ष जमलं नाही, मग पुढचंही. मी गॅरेजमध्ये गेले. माझं व्हार्निश सुटलं, मुठीवर जाळी धरली. एकदा उपासनाची मुलगी मैत्री आवराआवर करताना म्हणाली, "मॉम, कॅन वी टॉस धिस?"

"नको गं, राहू दे," उपासना म्हणाली. त्या 'राहू दे'वर मी पुढची वर्षं काढली.

यंदा एप्रिलमध्ये तिने मला बाहेर काढलं, पुसलं, नवं व्हार्निश दिलं. श्रीरंगचा फोन आला होता. त्याला एकदा तळ्यावर जायचं होतं. मग तिने दिगंबरला फोन लावला, स्पीकरवर.

"तो येणार असेल तर मी कॅन्सल करतो," दिगंबर म्हणाला.

"मग मीही कॅन्सल करते. तिघं नाहीत तर कुणीच नाही."

शेवटी दिगंबरने तारीख विचारली.

मे महिन्यातल्या त्या सकाळी तळ्यावर थंडी होती. उपासना होडीची वल्ही मारत होती, दिगंबर मधे आणि श्रीरंग पुढे बसला होता. मला तर हात चांगले कळतात. श्रीरंगने मला घेतलं तेव्हा त्याची बोटं दोरी ओवायच्या माझ्या एकेका कडीवरून चाचपत गेली. पूर्वी तो असं करत नसे. त्याने थर्मासमधला चहा ओतला तो कपाच्या बाहेर. दिगंबरचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याच्या मनात दुसरंच होतं.

"सावनीच्या लग्नाला आला नाहीस तू," तो म्हणाला. सावनी ही त्याची एकुलती एक मुलगी. "दोन वर्षं झाली. एक मेसेज टाकलास, मीटिंग आहे म्हणून."

श्रीरंगने मला मांडीवर आडवं धरलं. "मीटिंग नव्हती, दिग्या. एअरपोर्टवर पोचलो होतो. गेट कुठलं ते बोर्डवर दिसेना. डोळे जातायत माझे, हळूहळू. आता तुझा चेहराही नीट दिसत नाही. तेव्हा कुणाला विचारायची लाज वाटली, यार. टॅक्सी केली आणि घरी परत गेलो."

वल्ही थांबली.

"मला फोन करायचास," दिगंबर म्हणाला. "मी मांडवातून उठून आलो असतो."

"म्हणूनच नाही केला."

दिगंबरने हातमोजा काढून डोळे पुसले. "आणि मी दोन वर्षं रुसून बसलो. मीही कुठे केला फोन." मग काठाकडे बघून तो म्हणाला, "होडी म्हणजे घड्याळ समज. नाकासमोर बारा. दहाच्या दिशेला खडक आहेत. टाक."

श्रीरंगने दोरी मागे झुलवली, थांबला आणि पुढे सोडली. न बघताही त्याला सगळं आठवत होतं. दिगंबर पाण्यावर नजर ठेवून दिशा सांगत राहिला: थोडं डावीकडे, अजून लांब, आता हळूहळू ओढ. तासभर काहीच लागलं नाही. मग माझ्या टोकाला एक धक्का बसला आणि मी मुठीपर्यंत वाकले. बांबू जुना होता. मला भीती वाटली, पण श्रीरंगने मला ताणलं नाही. मासा पळाला की दोरी सोडायची, थकला की ओढायची, हे तो माझ्यातूनच ऐकत होता.

दिगंबरने जाळी पाण्यात घातली. "सांग, कसा आहे?" श्रीरंगने विचारलं.

"हिरवट करडा. अंगभर फिकट ठिपके. परांच्या कडा पांढऱ्या, चुन्याचं बोट फिरवल्यासारख्या."

श्रीरंगने माशाला पाण्यातच दोन्ही हातांवर धरून ठेवलं. शेपूट हलली, हात रिकामे झाले आणि तो स्वतःशीच हसला. उपासना सुकाणूच्या बाजूला बसून गुपचूप रडत होती, पण तिचा चेहरा समाधानी होता.

दिगंबर पुढच्या महिन्यात अ‍ॅशबर्नला गेला. श्रीरंगच्या फोनमध्ये त्याने मोठ्याने वाचून दाखवणारं अ‍ॅप बसवलं, त्याला पांढरी काठी घेऊन चालायच्या क्लासमध्ये नेऊन बसवलं. परवा हे उपासना मैत्रीला सांगत होती, तेव्हा मी ऐकलं; आता माझी जागा दिवाणखान्याच्या भिंतीवर आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू वापरून झाल्यावर कोरड्या करा, उभ्या ठेवा, वर्षातून एकदा तरी हातात घ्या. आम्ही तेवढ्यावर खूश असतो. आणि तुमचा एखादा मित्र दोनदा येतो म्हणून सांगून आला नाही, तर तिसऱ्यांदा बोलावणं धाडू नका. त्याच्या दारात जा आणि बेल वाजवा.