‘व्हिलन’ची टीप

घरातल्या धाकट्या सुनेचं आणि तिच्या थोरल्या दिरांचं कधी पटलंच नाही. नवरा गेल्यावर ती घरच्याच कोशकचेरीत कामाला जाऊ लागली, तेव्हापासून तर दोघांतून विस्तव जात नव्हता. दीर इंग्रजी-मराठी कोशाचे संपादक. ती शब्दांची मुळं शोधून टिपा लिहायची. पाच वर्षांत तिच्या एकाही टिपेला त्यांनी बरं म्हटलं नाही. ‘नाइस’चा जुना अर्थ ‘अडाणी’, असं तिने लिहिलं तेव्हा मात्र ते कारकुनाला ऐकवून म्हणाले, आमच्या घरातही एक नाइस बाई आहे हो. कारकून मान खाली घालून हसला.

मग ‘व्हिलन’ आला. तिने लिहिलं: मूळ अर्थ जहागिरीवर राबणारा शेतमजूर, पुढे मालकलोकांच्या तोंडी त्याचा ‘हलकट’ झाला आणि शेवटी ‘खलनायक’.

दिरांनी टिपेवर लाल रेघ मारली.

“चूक आहे का, भाऊजी?”

“चूक नाही. पण सालगड्याच्या पोरीने आमच्या कोशात बापाची वकिली करायची नाही.”

तिचे वडील त्यांच्याच शेतावर तीस वर्षं राबले होते. दुसऱ्या दिवशी शेवटची प्रुफं घेऊन छापखान्यात तीच गेली आणि अक्षरजुळणी करणाऱ्या बाईशेजारी बसून टीप जशीच्या तशी परत घातली.

कोश बांधून आला तेव्हा दिरांनी माफीनामा मागितला. चूक दाखवा, आत्ता लिहून देते, असं ती म्हणाली. त्यांनी तिच्याकडून कचेरीतल्या कपाटाची किल्ली काढून घेतली आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मग ‘व्हिलन: खलनायक’ एवढंच छापलेल्या चिठ्ठ्या काढून ते कारकुनासोबत आठवडाभर प्रत्येक प्रतीत त्या टिपेवर चिकटवत बसले.

पुढे एकदा ग्रंथालयात तिने कोश उघडला. कुणीतरी नखाने चिठ्ठी सोलून काढली होती. ग्रंथपाल वैतागून म्हणाले, दुसऱ्या प्रतीचंही तेच. झाकलंय म्हटल्यावर जो तो आधी तिथेच खरवडतो.

दिरांशी ती पुन्हा बोलली नाही. घराला जिना एकच होता. ते उतरताना दिसले की ती खालीच थांबायची, पदर सावरायची नाही आणि नजरही खाली घालायची नाही.