बाराव्या कलमाखालची ओळ

आमच्या ह्यांनी सही केली नाही, ही बातमी मला ह्यांच्याकडून नाही, ग्रंथपालबाईंकडून कळली. भर रस्त्यात.

"सरांची तब्येत बरी आहे ना? विश्वासपत्रकावर सही केली नाही म्हणे."

आमची सेमिनरी म्हणजे सुवार्तावादी ख्रिस्ती महाविद्यालय, मंडळ्यांसाठी, म्हणजे चर्चसाठी, पाळक घडवणारं. पवित्र शास्त्र, त्रैक्य, क्रूस, पुनरुत्थान, नरक अशी बारा कलमं असलेल्या पत्रकावर दर वर्षी पहिल्या महिन्यात प्रत्येक प्राध्यापकाने सही करायची असते; विद्यार्थ्यांनी पदवी घेताना. सही नाही तर वर्ग नाही, आणि वर्ग नाही तर क्वार्टरही नाही. ह्यांनी एकतीस वर्षं बिनबोभाट सही केली होती. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना हे काय भलतंच?

घरी विचारलं तर "बघू," म्हणाले. चहात साखर किती असावी यावरही हा माणूस तीन मुद्द्यांत बोलतो. तो नुसतं 'बघू' म्हणाला, म्हणजे प्रकरण गंभीर.

पण खरं सांगते, भीतीपेक्षा कुतूहल जास्त होतं. बारापैकी अडलं तरी कुठलं? मी जन्मभर परिचारिका. रोगी तोंडाने सांगत नाही ते शोधून काढायची सवय लागलेली. ह्यांच्या टेबलावरचं पत्रक उलटसुलट करून पाहिलं. एकाही कलमाशेजारी साधी रेघ नव्हती. ग्रंथालयात जाऊन चौकशी केली, तर दोन आठवड्यांत एकही पुस्तक नेलेलं नाही. प्राचार्य वाटेत भेटले. ते एके काळचे ह्यांचेच विद्यार्थी.

"नरकाचं कलम असणार, काकू," ते हळूच म्हणाले. "वय झालं की माणूस मवाळ होतो. समजवा त्यांना. शुक्रवारी संध्याकाळपर्यंतच मुदत आहे, माझे हात बांधलेत."

मवाळ? ह्यांना मवाळ म्हणणाऱ्याने त्यांनी तपासलेला पेपर कधी पाहिलेलाच नसावा!

मग मला डबा आठवला. ह्यांच्या वर्गात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो. विचारायची भीती वाटते असा प्रश्न मुलांनी बिननावाच्या चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचा. शुक्रवारी हे एक चिठ्ठी काढतात आणि निघेल त्या प्रश्नाला उत्तर देतात. म्हणून मुलं त्यांना प्रश्नोबा म्हणतात. मी डाव्या हाताने लिहिलं, 'सर, तुम्ही सही का करत नाही?' एक चिठ्ठी निघेल न निघेल, म्हणून नऊ लिहिल्या आणि वर्ग भरायच्या आत डब्यात टाकून आले.

शुक्रवारी मी मागच्या बाकावर जाऊन बसले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी काढली, वाचली. दुसरी काढली. तिसरी काढली.

"एकाच रोग्याचा हा तिसरा केसपेपर," ते म्हणाले. मुलं हसली, मी मान खाली घातली. "बरं. डब्यातून निघालं, म्हणजे उत्तर द्यायला हवं."

त्यांनी खडू खाली ठेवला.

"बाराही कलमं मी मानतो. जीव गेला तरी मानेन. अडलंय ते बाराव्या कलमाखालच्या ओळीवर. 'वरील सर्व मी मनात कोणतीही शंका न ठेवता मानतो.' गेल्या वर्षी एका मुलीची चिठ्ठी निघाली. तिची आई सगळ्यांच्या प्रार्थना चालू असताना गेली होती. तिने लिहिलं होतं, 'देव ऐकतो हे मानते, पण रोज त्याला विचारते, तेव्हा ऐकलं होतंस का? मग पदवी घेताना मी सही करू का?' मी इथूनच सांगितलं, शंका आहे तोवर करू नकोस. तिने सही केली नाही, तेव्हा चिठ्ठी कुणाची ते कळलं. पदवी न घेताच घरी परतली."

त्यांनी हातातल्या चिठ्ठीची घडी घालून ती खिशात ठेवली.

"माझी मुलगी सहा वर्षांची असताना तापाने गेली. अख्खी मंडळी गुडघ्यांवर प्रार्थना करत होती. त्या मुलीसारखंच मीही रोज विचारतो. एकोणीस वर्षं. आणि त्या ओळीखाली एकोणीस सह्या केल्यात."

आमच्या पोरीच्या दफनविधीत ह्याच माणसाने खणखणीत आवाजात शास्त्र वाचलं होतं. मला वाटलं होतं, ह्यांनी सगळं देवावर सोपवलं, मीच तेवढी कच्ची. तेव्हापासून जेवणाआधी हे प्रार्थना करत आणि मी नुसते डोळे मिटत असे. माझं मन कळलं तर ह्यांना त्रास होईल, म्हणून मी शब्दही काढला नाही. मला ह्यांचा राग आला, माझाही आला, आणि रडू आलं ते वेगळंच.

वर्गातून हे थेट प्राचार्यांकडे गेले. ती ओळ खोडून खाली सही केली. प्राचार्यांच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणे, पण खाडाखोड केलेलं पत्रक चालत नाही. महिनाअखेर क्वार्टर सोडायची.

संध्याकाळी पानं वाढली. ह्यांनी हात जोडले, ओठ हलले, पण आवाज फुटेना.

"थांबा," मी म्हटलं. "आज मी करते."

डोळे मिटले.

"प्रभू, आमच्या पोरीच्या वेळी तू ऐकलं होतंस का?"

पुढे मला काही सुचेना. मग टेबलाच्या पलीकडून ह्यांचा आवाज आला, "आमेन."